गल्ल्यावरची घंटा

श्रोतेहो, नमस्कार.

दुकानाच्या काउंटरवर कार्ड टेकवण्याचे छोटे यंत्र ठेवलेले असते आणि त्याच्यावर ‘मशीन बंद आहे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते, हे दृश्य तुमच्या परिचयाचे असेल. त्या चिठ्ठीकडे एकदा नीट पाहावे. तिच्या कडा पिवळ्या पडलेल्या असतात, चिकटपट्टीखाली धूळ बसलेली असते, आणि सुटू पाहणारा एखादा कोपरा नव्या पट्टीने पुन्हा दाबलेला असतो. यंत्र काल बिघडले असते तर चिठ्ठी इतकी जुनी झाली नसती. यंत्र बिघडलेले नाही, दुकानदाराचेच मन त्या यंत्रावरून उडालेले आहे. कार्ड नुसते टेकवून किंवा मोबाइल पुढे धरून पैसे देण्याची सोय ग्राहकाच्या खिशात येऊन बराच काळ लोटला, तरी दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचायला तिला इतकी वर्षे का लागली, हा आजचा विषय आहे.

या सोयीला कागदोपत्री ‘स्पर्शाविना भरणा’ म्हणतात आणि प्रत्यक्षात सगळे जण कार्ड यंत्राला चांगले टेकवतात, काही जण तर घासतातसुद्धा. नामकरण करणाऱ्यांनी काउंटरजवळ पाच मिनिटे उभे राहायला हवे होते, असे माझे जुनेच मत आहे. असो.

तंत्र मात्र उशिरा आले नाही. कार्डाच्या आत तारेचे बारीक वेटोळे असते आणि त्याला स्वतःची बॅटरी नसते. यंत्रातून निघणाऱ्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींवरच ते कार्ड क्षणभर जागे होते आणि तीन-चार सेंटिमीटर अंतरावरून आपली ओळख पटवून देते. हाँगकाँगमधले प्रवासी १९९७ पासून असे कार्ड टेकवून गाडीत बसू लागले. जपानमध्ये २००४ साली हीच करामत मोबाइलमध्ये आली. ब्रिटनमध्ये २००७ साली बँकांनी अशी कार्डे वाटायला सुरुवात केली आणि पिन न घालता एका वेळी १० पौंडांपर्यंत खर्च करण्याची मुभा दिली. म्हणजे श्रोतेहो, तंत्र तयार होते, ग्राहकाच्या हातात कार्ड होते, अडले ते काउंटरवर. हे वाक्य लक्षात असू द्यावे, कारण आता मी तुम्हांला जवळजवळ दीडशे वर्षे मागे नेणार आहे आणि तिथून परतायला थोडा वेळ लागेल.

अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचे गाव आहे. तिथे जेम्स रिटी नावाच्या गृहस्थांचे मद्यालय होते. धंदा चांगला चालत होता, गिऱ्हाइकांची गर्दी होती, आणि तरीही दिवसाच्या शेवटी गल्ल्यात पैसे कमीच भरत. कारण उघड होते. त्या काळी गल्ला म्हणजे एक उघडी पेटी किंवा साधा खण. मद्य ओतणाऱ्या नोकराने पैसे घेतले की त्यातले काही पेटीत पडत आणि काही त्याच्या खिशात पडत. मालकाला ते कळतही होते, पण कोणी, कधी आणि किती घेतले हे सिद्ध करण्याची सोय नव्हती. रिटी या काळजीने इतके खंगले की हवापालटासाठी १८७८ साली ते बोटीने युरोपला निघाले, असे सांगतात.

बोटीवर माणसाला वेळ भरपूर असतो. रिटी हिंडत हिंडत इंजिनाच्या खोलीत उतरले. तिथे जहाजाला पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्याला एक मोजणी-यंत्र जोडलेले होते. पंख्याचा एक फेरा पूर्ण झाला की यंत्रातला आकडा एकाने पुढे सरके, आणि ना त्यात कोणाची गय होई ना कोणाशी संगनमत. ते पाहताना या मद्यालयवाल्याच्या मनात आले, की पंख्याचे फेरे जर असे मोजता येतात तर माझ्या गल्ल्यातल्या विक्रीचे फेरे का मोजता येऊ नयेत? घरी परतल्यावर त्यांनी आपल्या भावाला, जॉनला, हाताशी धरले. जॉन यंत्रकामात वाकबगार होता. दोघांनी मिळून एक यंत्र उभे केले आणि ४ नोव्हेंबर १८७९ रोजी त्याचे पेटंट मिळवले. यंत्राचे नाव काय ठेवले असेल? ‘रिटीचा अभ्रष्ट रोखपाल’. नावातच नोकरांबद्दलचे मत स्पष्ट आहे.

पहिले यंत्र दिसायला घड्याळासारखे होते. वर गोल तबकडी, एक काटा डॉलरचा, दुसरा सेंटचा, आणि खाली दाबायच्या कळा. नंतरच्या एका नमुन्यात आत कागदाची गुंडाळी बसवली. प्रत्येक विक्रीबरोबर टाचणीसारखी सुई त्या कागदात भोक पाडत असे. रात्री दुकान मिटल्यावर मालकाने गुंडाळी उलगडायची, कोणत्या रकान्यात किती भोके पडली ती मोजायची आणि गल्ल्यातल्या रोकडीशी ताळा करायचा. दिव्याच्या उजेडात बोटाने कागदावरची भोके मोजत बसलेला तो मालक मला अगदी डोळ्यांसमोर दिसतो.

आता कुणालाही वाटेल की असे यंत्र हातोहात खपले असेल. पण तसे काही झाले नाही. रिटी बंधूंना ग्राहक मिळेनात. मालकांना वाटे, पेटी फुकट मिळते, यंत्राला पैसे कशाला मोजायचे? नोकरांना वाटे, हे यंत्र म्हणजे आपल्याला उघडउघड चोर म्हणणे. अखेर १८८१ साली रिटींनी सगळे हक्क विकून टाकले. पुढे १८८४ साली जॉन पॅटरसन या व्यापाऱ्याने तो धंदा विकत घेतला आणि त्याला नॅशनल कॅश रजिस्टर असे नाव दिले. पॅटरसन हे आधी स्वतः या यंत्राचे ग्राहक होते. त्यांच्या दुकानात पैसा गळत होता, त्यांनी ही यंत्रे मागवली आणि गळती थांबलेली डोळ्यांनी पाहिली. तरीही कंपनी विकत घेतल्यावर गावातले लोक त्यांना हसले.

इथून गोष्टीला रंग चढतो. पॅटरसन दुकानदारांना टपालाने जाहिराती पाठवत आणि त्या मालकापर्यंत पोहोचतच नसत. टपाल उघडणारा नोकर कंपनीचे नाव पाहिले की पाकीट फाडून टाकी. तेव्हा कंपनीने पाकिटावर नाव घालणेच सोडले आणि साध्या कोऱ्या पाकिटातून जाहिराती धाडायला सुरुवात केली. विक्रेत्यांना शिकवण होती, की यंत्राच्या कळा आणि चाके यांचे कौतुक करत बसू नका, दुकानदाराशी त्याच्या दुकानाबद्दल बोला. शिवाय यंत्राला घंटा होती. विक्रीची कळ दाबली की खण उघडे आणि घंटा वाजे. मालक मागच्या खोलीत पोती मोजत असो वा हिशेब लिहीत असो, विक्री झाली हे त्याच्या कानावर पडे. घंटा वाजली नाही आणि गिऱ्हाईक माल घेऊन बाहेर पडले, तर तेही त्याला कळे. डोळा दुसरीकडे असला तरी कान गल्ल्यावर ठेवण्याची सोय, हाच त्या यंत्राचा खरा गुण होता. १९११ सालापर्यंत कंपनीने दहा लाख यंत्रे विकली होती. पेटंट १८७९ चे, दहा लाखांचा टप्पा १९११ चा. मध्ये ३२ वर्षे गेली.

ही गोष्ट मी इतकी लांबवली याला कारण आहे. दुकानदार नव्या यंत्राला मागासलेपणामुळे नकार देतो, अशी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत आणि ती मला कधी पटली नाहीत. यंत्र कोणाच्या बाजूने काम करते, हा दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो. गल्लायंत्र मालकाच्या बाजूचे होते, तरी त्याला ३२ वर्षे लागली. कार्ड टेकवण्याचे यंत्र कोणाच्या बाजूचे आहे? रांगेतल्या ग्राहकाच्या, कार्ड देणाऱ्या बँकेच्या, मोबाइल बनवणाऱ्या कंपनीच्या. आणि त्याचा खर्च कोणाकडून? दुकानदाराकडून.

तो खर्च कसा पडतो ते पाहा. शंभराची विक्री झाली आणि त्यात दुकानदाराला चार सुटले, असे समजू. यंत्रामागच्या साखळीने, म्हणजे बँका आणि कार्ड कंपन्या यांनी मिळून, दोन टक्के कापले तर शंभरातून दोन गेले, असे आपण म्हणतो. दुकानदार तसे म्हणत नाही. त्याच्या दृष्टीने चारातले दोन गेले, म्हणजे निम्मा नफा गेला. त्यातच व्यवहारामागे ठरावीक रक्कम कापण्याची अट असली तर किरकोळ खरेदीत नफा उरतच नाही, आणि ज्या किरकोळ खरेदीसाठी कार्ड टेकवणे सर्वांत सोयीचे तिथेच ते दुकानदाराला सर्वांत महाग पडते. पुन्हा सांगतो, ग्राहकाला जिथे ते सर्वांत सोयीचे, तिथेच दुकानदाराला ते सर्वांत महाग. ‘अमुक रकमेच्या खाली कार्ड घेत नाही’ ही पाटी याच हिशेबातून येते. यंत्राचे भाडे वेगळे, जोडणी तुटली की खोळंबा वेगळा, आणि रोकड त्याच क्षणी हातात येते तर कार्डाचे पैसे खात्यावर बहुधा दुसऱ्या दिवसानंतर. यंत्रातून निघणाऱ्या पावतीवरची अक्षरे तर काही काळाने उडून जातात, आणि असा पुरावा हिशेबाच्या फायलीत जपून ठेवायला सांगणाऱ्यांचे मला कायम नवल वाटते.

मोठ्या दुकानांचे कारण आणखी निराळे होते. अमेरिकेतल्या बड्या विक्रेत्यांनी कार्डांच्या कमिशनला कंटाळून २०१२ साली एकत्र येऊन स्वतःची मोबाइल-व्यवस्था बांधायला घेतली होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये ॲपल पे, म्हणजे आयफोन टेकवून पैसे देण्याची सोय, सुरू झाले, तेव्हा औषधदुकानांच्या दोन मोठ्या साखळ्यांमध्ये ते पहिले काही दिवस सुरळीत चाललेसुद्धा, आणि मग त्या साखळ्यांनी आपल्या यंत्रांमधली टेकवण्याची सोय मुद्दाम बंद केली. यंत्र होते, चालत होते, आणि दुकानाने ते बंद केले. त्या चिठ्ठीची ही श्रीमंत आवृत्तीच म्हणायची. विक्रेत्यांची स्वतःची व्यवस्था मात्र देशभर कधी सुरूच झाली नाही आणि २०१६ मध्ये तिचा गाशा गुंडाळला गेला.

मग गाडी पुढे कशी सरकली? बहुतेक वेळा धक्का बाहेरून आला. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून नियम बदलला. चिप असलेल्या कार्डाचा गैरवापर झाला आणि दुकानाकडे चिप वाचणारे यंत्र नसले, तर नुकसान सोसण्याची पाळी दुकानाच्या बाजूवर येऊ लागली. त्यामुळे यंत्रे बदलणे भाग पडले, आणि नव्या यंत्रांपैकी बहुतेकांत टेकवण्याची सोय आयतीच आली. युरोपीय संघाने २०१५ मध्येच कायदा करून बँका आपसांत घेतात त्या शुल्कावर, म्हणजे दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या कमिशनमधल्या एका भागावर, मर्यादा घातली, डेबिट कार्डाला ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डाला ०.३ टक्के. लंडनच्या बसमध्ये डिसेंबर २०१२ पासून आणि भुयारी रेल्वेत सप्टेंबर २०१४ पासून साधे बँकेचे कार्ड टेकवून जाता येऊ लागले. तिकिटासाठी रोज दोनदा कार्ड टेकवणाऱ्या माणसाचा हात दुकानातही आपोआप तसाच पुढे होतो, आणि रांगेतला प्रत्येक हात तसा पुढे होऊ लागला की दुकानदाराला चिठ्ठी काढावी लागते. २०२० च्या साथीत नोटेला हात लावायची भीती निर्माण झाली, तेव्हा उरलेल्यांपैकी अनेकांनी ती काढली.

पण काही देशांत यंत्राला वळसा घालूनच काम झाले. केनियात २००७ पासून साध्या मोबाइलवरच्या संदेशाने पैसे पोहोचू लागले. दुसरा वळसा क्यूआर कोडचा. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत तो काळापांढरा चौकोन तयार झाला, आणि वीस-पंचवीस वर्षांनी तो कागदावर छापून गल्ल्याशेजारी लागला. कागदाला वीज लागत नाही. भारतात यूपीआय २०१६ मध्ये आले, आणि जानेवारी २०२० पासून त्यावरच्या व्यवहारात दुकानदाराकडून घेतले जाणारे कमिशन शून्य झाले. म्हणजे चारातले दोन जाण्याची तक्रार मिटली.

तरी एक अडचण राहिलीच. ग्राहक मोबाइलचा पडदा पुढे करून म्हणतो, “पाठवले बघा.” दुकानदाराच्या एका हातात तराजू, दुसऱ्या हातात पिशवी, आणि स्वतःचा मोबाइल कुठल्या तरी डब्यामागे. पैसे आले की नाही हे तो पाहणार केव्हा? पडद्यावरचे चित्र कालचेही असू शकते. यावर उपाय निघाला तो बोलणाऱ्या छोट्या पेटीचा. पैसे खात्यावर जमा झाले की पेटी मोठ्याने रक्कम सांगते. दुकानदार पाठमोरा उभा राहून फळीवरून माल काढत असला तरी ऐकतो, मान डोलावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. जो दुकानदार दोन टक्क्यांसाठी बँकेशी वर्षानुवर्षे भांडला, तोच या आवाजासाठी महिन्याचे भाडे मुकाट्याने भरताना दिसतो. ही रिटीच्या गल्ल्यावरचीच घंटा आहे, श्रोतेहो. डोळा दुसरीकडे आणि कान गल्ल्यावर.

जेम्स रिटींचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. हक्क विकल्यानंतर, १८८२ साली, त्यांनी डेटनमध्येच आणखी एक मद्यालय उघडले आणि ते पुन्हा गल्ल्यामागे उभे राहिले. दहा लाख यंत्रे विकली गेली ती दुसऱ्यांच्या कारखान्यातून, आणि तो आकडा ऐकायला रिटी हयात होते. १९१८ साली ते वारले.

नमस्कार.