शाकुंतलातला काना

मंडळी, फळ्यावर दोन शब्द लिहिलेत. शाकुंतल आणि शकुंतला. काना इकडचा तिकडे गेलाय एवढंच. शकुंतला हे दुष्यंत राजाच्या गोष्टीतल्या मुलीचं नाव, आणि शाकुंतल म्हणजे तिच्यासंबंधीचं. (वऱ्हाडातल्या मंडळींना यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी गाडी आठवली असेल, पण ती शकुंतला आज यार्डातच राहू दे.) या नावाची नाटकं, चित्रपट, ऑपेरे बघायला लागलो तेव्हा माझं लक्ष नावापेक्षा नावाला जोडलेल्या शब्दाकडे जायला लागलं. कर्त्यानं गोष्टीतलं काय धरलं, ते तिथं कळतं.

महाभारताच्या आदिपर्वातल्या मूळ कथेत अंगठी नाही, दुर्वासांचा शापही नाही. दुष्यंताला सगळं आठवतंय आणि तो भरसभेत धडधडीत नाही म्हणतो. ती त्याला तिथंच चांगलं सुनावते, आणि अखेर आकाशवाणी होते. कालिदासाच्या नाटकात मात्र राजा शापामुळं तिला विसरतो; त्यानं राजाचा खोटेपणा शापाच्या गळ्यात घातला, असं मला वाटतं. म्हणूनच त्याच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नाटकाच्या नावात ‘अभिज्ञान’ आलं, म्हणजे ओळख पटवणारी खूण. ती खूण म्हणजे राजाची अंगठी. पाचव्या अंकात शकुंतला ती दाखवायला जाते, तर बोट मोकळं; अंगठी पाण्यात पडून माशाच्या पोटात गेलेली, ती पुढं कोळ्याला सापडते.

आता पुण्याला या. ३१ ऑक्टोबर १८८०, आनंदोद्भव नाट्यगृह. अण्णासाहेब किर्लोस्करांनी नावातून ‘अभिज्ञान’ काढलं आणि त्या जागी ‘संगीत’ बसवलं. हा नुसता जाहिरातीचा शब्द नव्हता. त्याआधीच्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकात गाणं होतंच, पण ते मुख्यतः सूत्रधार गायचा. इथं शकुंतलेला वाढवणारा कण्व ऋषी स्वतः गातो, शकुंतला स्वतः गाते. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही नांदी पुढं दुसऱ्यांच्या नाटकांआधीही म्हणू लागले, इतकी ती अंगवळणी पडली. आणि गंमत बघा, त्या पहिल्या प्रयोगात चारच अंक झाले. चौथा अंक म्हणजे सासरी पाठवणी. दरबारातला नकार नाही, कोळी नाही, मासा नाही. शीर्षकातून गेलेलं अभिज्ञान त्या रात्री रंगमंचावरही आलं नाही. लेक सासरी निघाली, बापाचा गळा दाटला, पडदा. मराठी प्रेक्षकाच्या मनात शाकुंतल म्हटलं की आधी कण्वच का येतो, त्याचं थोडं मूळ मला या रात्रीत दिसतं. पुढे सातही अंक झाले, गायक नट भाऊराव कोल्हटकर आले. १९०५ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत पहिल्यांदा उभे राहिले तेही शकुंतला होऊनच.

व्ही. शांताराम म्हणजे शांतारामबापूंनी १९४३ साली आपल्या ‘राजकमल’ या चित्रसंस्थेचा पहिला चित्रपट काढला, त्याचं नाव नुसतं ‘शकुंतला’. नायिका जयश्री, संगीत वसंत देसाईंचं. मुंबईच्या ‘स्वस्तिक’ चित्रपटगृहात तो १०४ आठवडे चालला. १९६१ साली त्यांनी हीच कथा पुन्हा घेतली, स्वतः दुष्यंत झाले, संध्या शकुंतला. या वेळी नाव होतं ‘स्त्री’. विशेषण तर नाहीच, विशेषनामही गेलं! मला विचाराल तर ही उडी जरा जास्तच झाली.

युरोपात हे नाव पोचलं विल्यम जोन्सच्या १७८९च्या भाषांतरातून. त्यानं नावापुढे ‘घातकी अंगठी’ असं जोडलं, म्हणजे सगळा ठपका अंगठीवर. संगीतकार शूबर्टनं १८२० साली ऑपेरा लिहायला घेतला आणि अर्धवट सोडला. इटलीचा संगीतकार फ्रांको अल्फानो यानं मात्र आपला ऑपेरा पुरा केला. १९२१ साली बोलोन्यात तो झाला, नाव ‘साकुंतलाची दंतकथा’. दुसऱ्या महायुद्धाच्या बाँबफेकीत त्याची स्वरलिपी नष्ट झाली असं समजून म्हाताऱ्या अल्फानोनं वाद्यवृंदाची सगळी मांडणी पुन्हा लिहून काढली. १९५२ साली रोममध्ये प्रयोग झाला तेव्हा नाव उरलं होतं नुसतं ‘साकुंतला’. तो १९५४ साली वारला. आणि या शतकात मूळ स्वरलिपीची प्रत निघाली, ती प्रकाशकाच्याच दप्तरात!

म्हणजे मासा घरातच होता.