झाडं लावण्याआधी माळ बघू या

(परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला मुलांच्या निसर्ग महोत्सवावर बोलायला सांगितलं आणि सोबत एक आराखडाही दिला. सकाळी वृक्षारोपण, मग चित्रकला स्पर्धा, मग बक्षीस समारंभ. हेतू चांगलाच आहे. पण मी पडले सोलापूरची. वृक्षारोपण म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. का, ते सांगते.

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की नान्नज येतं. 1979 साली तिथे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य जाहीर झालं. कागदावर ते जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, सगळंच आलं. लोक वैतागले, आणि बऱ्याच वर्षांनी ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक म्हणजे पंधरा किलोपर्यंत भरणारा भारदस्त पक्षी. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. माळढोकाला लागतं मोकळं गवत, म्हणजे लांबूनच धोका नजरेत येतो. आणि त्या माळावर लावलं काय, तर गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडियाची परदेशी झाडं! माळ म्हणजे पडीक, तिथे झाड लावलं की पुण्य, असा आपला सगळ्यांचा हिशेब. झाडं तरारली, फोटो सुरेख आले आणि माळढोकाची जागा आक्रसली. पक्षी अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ कोरडे ओढले.

फक्त झाडांनी हा पक्षी घालवला असं मी म्हणत नाही. शिकार झाली, माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. समोरची तार उशिरा दिसते आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळत नाही. 2011 पासून तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. उरलेत ते बहुतेक राजस्थानात. आज नान्नजला माळढोक दिसेलच असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही.

तरी नान्नजला जा. नाताळच्या सुट्टीत आपण गावी जातो ना, तेव्हा मुलांना घेऊन जा. काळविटांचे कळप दिसतील, नशिबात असेल तर लांडगा किंवा खोकड, म्हणजे छोटा कोल्हा, दिसेल. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत जातात. नाकतोडे हे त्यांचं आवडतं खाणं. ‘इथे काहीच नाहीये’ असं म्हणणाऱ्या मुलाला एका जागी अर्धा तास बसवा. तेवढं पुरतं. (मोठ्यांना बसवणं जास्त अवघड.)

आता महोत्सवाबद्दल. कुटुंबाने घराबाहेर पडायचा सण आपल्याला नव्याने शोधायची गरजच नाही. वेळ अमावास्या आहे की! लातूर-धाराशिवकडे आणि आपल्याकडे अक्कलकोट, बार्शीच्या बाजूला तिला येळवस म्हणतात. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं घर शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, तिच्यात चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, मग भज्जी, उंडे, खीर आणि माठातलं आंबील. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. कुणाला फलक लागत नाही की प्रायोजक.

त्या दिवशी मुलांना हरभऱ्यात घेऊन जा. सकाळच्या गारठ्यात पानांवर बारीक थेंब असतात. बोट लावा आणि चाटा, जीभ आंबट होते. ती आंब. हरभऱ्याच्या पानांवरच्या केसाळ ग्रंथींमधून आम्ल पाझरतं, कीड दूर ठेवायला. घाटे पोखरणारी घाटेअळी मात्र त्यालाही पुरून उरते! जुनी माणसं रात्री पिकावर स्वच्छ धोतर पसरायची, पहाटे पिळून आंब बाटलीत भरायची आणि पोटदुखीवर द्यायची. शेजारच्या ज्वारीत गोफण का फिरते, तेही दाखवा. भोरड्या नावाच्या पक्ष्यांचा थवा दाण्यावर उतरला की शेतकऱ्याला धडकी भरते, पण त्याच भोरड्या टोळसुद्धा फस्त करतात. शत्रू म्हणावं की मित्र, हा वाद मुलांना घालू द्या. उत्तर सांगायची घाई नको.

इथे परदेशात हे कसं करायचं? अमेरिकेत पूर्वी नाताळला लोक दोन संघ करून शिकारीला जायचे. जास्त पक्षी मारेल तो जिंकला. फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने 1900 च्या नाताळात सुचवलं की मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी 27 जण आले. ती गणना आजही दर वर्षी होते. सणाचा दिवस तोच, नुसतं काम बदललं. मला हे फार आवडतं.

आपल्यासाठी मात्र फेब्रुवारीतली जागतिक पक्षीगणना जास्त सोपी. चार दिवस, कुठेही बसा, किमान पंधरा मिनिटं, दिसतील ते पक्षी मोजून नोंदवा. 2013 पासून ती जगभर चालते. म्हणजे इथे नातू उद्यानात मोजेल आणि त्याच चार दिवसांत सोलापुरात आजी गच्चीवर मोजेल: साळुंक्या, बुलबुल, वेडा राघू, घार. दोन याद्या शेजारी ठेवून फोनवर बोलायला विषय किती मिळतील बघा. एरवी ‘जेवलास का’च्या पुढे गाडी जात नाही.

दिवाळीच्या आसपासही एक संधी आहे. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख जंगलावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, बारा पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या. चितमपल्लींचा जन्म 1932 चा, आपल्या सोलापुरातला, आणि गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या जूनमध्ये, त्यांनी शेवटचा श्वासही तिथेच घेतला. त्या आठवड्यात मंडळाने एक सकाळ ठेवावी. व्याख्यान नको, माझंसुद्धा नको.

तेव्हा कार्यकारिणीला माझी विनंती अशी: बक्षिसं काढून टाका. झाडं लावायचीच असतील तर ती इथली, स्थानिक असू द्या आणि जागा उद्यानाच्या माणसांना ठरवू द्या. दुर्बिणी चार-पाच कुटुंबांकडे आहेत, त्या फिरवून वापरू. गणना सकाळी, जेवण नंतर. आंबील मी करते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी कोण आणणार, ते दाराजवळच्या वहीत लिहून मगच घरी जा.