बर्गरपलीकडचं ऑर्लँडो

नमस्कार, श्रोतेहो.

फ्लोरिडात ऑर्लँडोला जाऊन डिस्ने वर्ल्ड बघायचं ठरलं की घरात तिकिटांची चर्चा होते, हॉटेलची होते, कुठल्या राईडकडे आधी पळायचं याचीही होते. जेवणाचं कुणी काढलंच, तर "तिथं मिळेल की काहीतरी" एवढ्यावर विषय मिटतो. आमच्याकडेही तो असाच मिटला होता.

आणि मिळालंही काहीतरी. पहिल्या दिवशी दुपारचा दीड वाजला होता. ऊन डोक्यावर, धाकटी रडकुंडीला आलेली. समोर जो काउंटर दिसला त्याच्या रांगेत आम्ही सहाजण उभे राहिलो आणि सहा बर्गर घेऊन बाहेर आलो. बिल शंभर डॉलरच्या वर गेलं. सासूबाई शाकाहारी. त्यांनी वरचा पाव अलगद सोडवला, त्याला केचप लावला आणि फ्राइजबरोबर तेवढाच खाल्ला. "चालतंय गं, भरलं पोट," म्हणाल्या. तक्रारीचा एक शब्द नाही. त्यांच्या हातातला तो ओलसर पाव मला अजून दिसतो. एवढा खर्च करून हौसेनं त्यांना घेऊन आलो आणि पहिल्याच दिवशी त्या अर्धपोटी राहिल्या, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या रात्री मुलं झोपल्यावर मी फोन घेऊन बसले आणि डिस्नेचं अ‍ॅप नीट उघडून बघितलं. प्रत्येक पार्कमधल्या प्रत्येक खाण्याच्या ठिकाणाचा मेनू त्यात किमतीसकट दिलेला असतो. पूर्णपणे वनस्पतीजन्य पदार्थांपुढे छोट्या पानाची खूण असते. हे सगळं आधीपासून होतं, आम्ही बघितलंच नव्हतं. भूक लागल्यावर शोधायला निघालं की जवळचा काउंटर गाठला जातो, आणि जवळच्या काउंटरवर बहुतेक वेळा बर्गरच असतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की उद्या कुठं जेवायचं ते आज रात्री ठरवा. त्याच अ‍ॅपवरून काउंटरच्या जेवणाची ऑर्डर आधी देता येते आणि कुठल्या वेळेला घ्यायला येणार तेही निवडता येतं. बाराच्या आसपासच्या वेळा पटापट भरतात. सकाळी पहिल्या राईडच्या रांगेत उभं असतानाच ते काम उरकून टाका.

आता एपकॉटबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण खाण्याच्या बाबतीत डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांमध्ये ते सगळ्यात श्रीमंत आहे.

एपकॉट १९८२ साली सुरू झालं. त्याच्या मागच्या अर्ध्या भागात एक मोठं तळं आहे आणि त्याच्याभोवती अकरा देशांची दालनं मांडलेली आहेत. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. या भागाला वर्ल्ड शोकेस म्हणतात. पूर्ण फेरी साधारण दोन किलोमीटरची होते. हा भाग उघडतो सकाळी अकराला, म्हणजे अगदी जेवणाच्या बेतानं. बहुतेक दालनांत बसून जेवायचं महागडं रेस्टॉरंट असतं, आणि त्याच्या आसपास कुठंतरी साधा काउंटरही असतो. आपल्याला गाठायचा आहे तो हा काउंटर.

जपानच्या दालनात थोडं वर चढून गेलं की कात्सुरा ग्रिल लागतं. बाहेर बाग, पाण्याचा आवाज, आणि ताटात भात, करी, नूडल्स, सुशी. पार्कच्या गर्दीत एवढी शांत जागा असेल असं वाटत नाही. फ्रान्सच्या दालनाच्या मागच्या बाजूला बेकरी आहे, तिथं बॅगेट म्हणजे लांब फ्रेंच पाव, कीश म्हणजे अंडं-चीज घातलेला खारा पाय, सूप, चीजचं सँडविच मिळतं. एक बॅगेट आणि एक सूप दोघांत वाटून घेतलं की दुपार निभावते. मेक्सिकोचा काउंटर तळ्याच्या अगदी काठावर आहे, तिथं टाको मिळतात. ब्रिटनच्या दालनात फिश अँड चिप्स, चीनमध्ये एग रोल आणि भात, जर्मनीत सॉसेज. आम्ही एका जेवणाचे तीन भाग केले. एका देशात सुरुवात, दुसऱ्यात पोटभरीचं, तिसऱ्यात गोड, आणि मधे चालणं. मुलांना हा खेळच वाटला.

शाकाहारी मंडळींनी मात्र इथं विचारून घ्यावं. उडॉन या जाड जपानी नूडल्सच्या रश्श्यात बहुधा माशाचा अर्क असतो. मेक्सिकन पद्धतीच्या घेवड्यात चरबी असू शकते, भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. काउंटरवर स्पष्ट सांगितलं की ते लोक मनापासून चौकशी करून सांगतात. अ‍ॅलर्जी असेल तर वेगळा मेनूही दाखवतात. भिडेपोटी गप्प राहू नका.

एपकॉटमध्ये वर्षातून काही वेळा खाण्याचे उत्सवही भरतात. शरद ऋतूतला फूड अँड वाईन फेस्टिव्हल नव्वदच्या दशकापासून चालत आलाय, वसंतात फुलांचा उत्सव असतो. त्या दिवसांत तळ्याभोवती छोटे स्टॉल लागतात आणि बशीभर पदार्थ थोडक्या डॉलरांत मिळतो. चार माणसांनी चार वेगळ्या बशा घेऊन प्रत्येकीतला घास चाखायचा. फक्त हिशेब ठेवा, बशा लहान म्हणून भान सुटतं आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण जेवणाचे पैसे होतात.

त्याच पार्कमध्ये 'द लँड' नावाचं दालन आहे. तिथं बोटीतून फिरवून हरितगृहं दाखवतात. मातीशिवाय वाढवलेली टोमॅटोची, काकडीची, लेट्यूसची झाडं अगदी हाताच्या अंतरावरून दिसतात. तिथं पिकलेली भाजी पार्कमधल्या स्वयंपाकघरांत वापरली जाते. बोटीतून उतरलं की शेजारीच सनशाइन सीझन्स नावाचं खाण्याचं ठिकाण आहे, आणि सॅलडमधली काकडी कुठं वाढली हे मुलांनी नुकतंच बघितलेलं असतं. माझ्या मुलानं त्या दिवशी काकडी मागून घेतली. ज्यांच्या घरी सॅलड न खाणारी मुलं आहेत त्यांना याचं मोल कळेल.

अ‍ॅनिमल किंगडम या पार्कमध्ये 'अवतार' सिनेमावर बेतलेल्या पँडोरा भागात सातूली कँटीन आहे. तिथं बाऊल आपला आपण ठरवायचा. खाली भात किंवा रताळं, वर चिकन, बीफ किंवा टोफू, आणि आवडीचा सॉस. भाताचं काहीतरी खाल्लं म्हणजेच जेवल्यासारखं वाटतं अशी माणसं बरोबर असतील तर इथं या. मॅजिक किंगडममध्ये निवड कमी आहे. तिथलं कोलंबिया हार्बर हाऊस मासे खाणाऱ्यांसाठी बरं, आणि वरच्या मजल्यावर बसायला जागाही मिळते.

आता पैशाचं. पार्कमध्ये पाण्याची बाटली विकत घेऊ नका. डिस्नेच्या ज्या काउंटरवर सरबतं, सोडा मिळतो तिथं बर्फ घातलेलं पाणी मागितलं की पेला फुकट देतात. काही विकत घ्यावंच लागतं असं नाही. फ्लोरिडाच्या उन्हात माणशी दिवसाला चार-पाच बाटल्या सहज लागतात, तेव्हा सहा माणसांचे किती वाचले ते तुम्हीच मोजा.

दुसरं, डिस्नेमध्ये बाहेरचं खाणं नेता येतं. कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं. दारावर बॅग तपासतात. काचेची भांडी, सुटा बर्फ आणि दारू चालत नाही. गारव्यासाठी गोठवलेले आइसपॅक न्या. युनिव्हर्सल या ऑर्लँडोतल्याच दुसऱ्या कंपनीच्या पार्कांचे नियम जास्त कडक आहेत. पाणी आणि किरकोळ खाऊ चालतो, पथ्याचं किंवा तान्ह्या बाळाचं नेता येतं, पण अख्ख्या कुटुंबाचा डबा नेऊ देत नाहीत.

मग न्यायचं काय? पब्लिक्स नावाची सुपरमार्केटं ऑर्लँडोत जागोजागी आहेत. ही फ्लोरिडाचीच साखळी, १९३० साली विंटर हेवन गावात सुरू झालेली. तिच्या 'डेली' म्हणजे तयार खाण्याच्या काउंटरवर समोर उभं राहून लांबलचक सँडविच बनवून घेता येतं. पाव कुठला, चीज कुठलं, भाज्या कुठल्या, सगळं आपण सांगायचं. तिथली माणसं त्याला लाडानं 'पब सब' म्हणतात. एक पूर्ण सब दोन मोठ्यांना पुरतं. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंचं सब चीज, पालक, काकडी, टोमॅटो, ऑलिव्ह आणि हिरव्या मिरच्या घालून बनू लागलं. मिरच्या त्या स्वतः बोटानं दाखवून जास्त घालायला लावत. डिस्नेच्या हॉटेलच्या खोल्यांत छोटा फ्रीज असतो. दही, केळी, ब्रेड, पीनट बटर आणून ठेवलं की नाश्ता खोलीतच उरकतो. आणि फ्लोरिडात बहुतेक किराण्यावर विक्रीकर नाही, हॉटेलातल्या तयार जेवणावर मात्र आहे. मेनूवरच्या किमतीत तो धरलेला नसतो, बिलात वेगळा लागतो. बसून जेवलात तर वर १८ ते २० टक्के टिप. काउंटरवर टिपेची अपेक्षा नसते.

मुलांच्या बाबतीत एक मेख आहे. डिस्नेच्या हिशेबात दहा वर्षांचं मूल मोठं. बुफेत आणि मिकी-मिनी भेटायला येतात त्या जेवणात त्याचे पूर्ण पैसे पडतात, आणि ही जेवणं मोठ्या माणसाला ५० डॉलरच्या वर जातात. मुलं लहान असतील आणि त्यांना ती भेट हवीच असेल तर एकदा जरूर करा, मीही केलं आणि त्याचा मला आनंदच आहे. पण काउंटरवर मुलांच्या मेनूतलं ताट मोठ्यांनाही घेता येतं. कमी भूक असलेल्या माणसाला ते पुरेसं होतं.

गाडी भाड्यानं घेतली असेल तर एक संध्याकाळ पार्कच्या बाहेर ठेवा. ऑर्लँडो शहरात मिल्स फिफ्टी नावाचा भाग आहे. व्हिएतनाममधून आलेल्या कुटुंबांनी तिथं वस्ती केली आणि त्यांची खाणावळीवजा रेस्टॉरंटं आजही चालतात. दिवसभर उन्हात फिरून आल्यावर तुळस, लिंबू, मोड घालून पुढ्यात आलेला फोचा, म्हणजे व्हिएतनामी नूडल्सच्या गरम सूपचा, मोठा वाडगा काय सुख देतो ते सांगून कळायचं नाही. किसिमीकडे पोर्तो रिकोच्या लोकांची मोठी वस्ती आहे. तिथं भात-घेवडा आणि तळलेली केळी मिळतात, तीही पोटभर आणि पार्कपेक्षा खूप कमी पैशांत.

सना या रेस्टॉरंटबद्दल मी शेवटी सांगायचं ठरवलं होतं. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलात, किदानी व्हिलेज नावाच्या भागात ते आहे. पार्कचं तिकीट लागत नाही. आफ्रिकी आणि भारतीय चवींचा मेळ घातलेलं स्वयंपाकघर. तिथं 'ब्रेड सर्व्हिस' मागवायची. नान, कुलचा, पराठा असे पाच प्रकार आणि त्यांच्याबरोबर नऊ वाट्या. रायतं, आंब्याची चटणी, चिंचेची, कोथिंबिरीची, लसणाचं लोणचं, आणखी कायकाय. आम्ही सहाजणांत दोन मागवल्या. टेबलावर वाट्या मांडल्या जात होत्या तेव्हा सासूबाई एकेकीकडे बघत हळूच नावं घेत होत्या. चिंच. लसूण. कोथिंबीर. खिडकीबाहेर मोकळं रान, आणि जिराफ मान खाली घालून चरत होता. मुलं खिडकीला चिकटली. सासूबाईंनी नानचा तुकडा लसणाच्या लोणच्यात बुडवला, खाल्ला आणि दुसरा तुकडा तोडायला हात पुढं केला. बाहेर जिराफ आहे हे त्यांना आम्ही दोनदा सांगितलं, तेव्हा त्यांनी वर बघितलं.

तिथं जागा आधी राखून ठेवावी लागते. बुकिंग ६० दिवस आधी खुलं होतं, आणि दुपारची वेळ घ्या, म्हणजे प्राणी उजेडात दिसतात.

नमस्कार.