रॅमचा आकडा आणि बसचा ठोका

रॅमच्या डब्यावर ३६०० लिहिलेलं असतं आणि मशीनची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड सॉफ्टवेअर उघडलं की १८०० दिसतं. दुकानदारानं फसवलं म्हणून तडक नागपूरच्या बर्डीच्या बाजारात परत जाऊ नका, दोन्ही आकडे खरे आहेत. डीडीआर प्रकारच्या रॅममध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा. घड्याळ १८०० मेगाहर्ट्झचं, फेऱ्या दुप्पट. जुळवायचं असतं ते घड्याळ, रॅमचं आणि ती प्रोसेसरला जोडणाऱ्या वाटेचं. म्हणून डब्यावरचा आकडा आधी निम्मा करायचा आणि मग पुढचं बोलायचं.

जुन्या मशीनवर हे फार स्वच्छ दिसतं. इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरची १०६६ ची फ्रंट साइड बस घ्या, म्हणजे प्रोसेसरकडे डेटा नेणारी वाट. तिचं मूळ घड्याळ २६६ मेगाहर्ट्झ, एका ठोक्याला चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत ८ बाइट. म्हणजे सेकंदाला साधारण ८.५ गिगाबाइट. डीडीआर२-५३३ च्या दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी एकदम चालतील अशा लावल्या तर त्याही ८.५ गिगाबाइटच देतात. घड्याळही तेच, २६६. हिशेब चुकता. आता तिथे डीडीआर२-८०० ची जोडी लावली, तर रॅम १२.८ द्यायला तयार आहे, पण दरवाजा ८.५ चाच. थोडा फायदा होतो, पण वाढीव पैशांच्या मानानं नाही.

पुढे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलरच प्रोसेसरच्या आत गेला. एएमडीनं २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ मध्ये तो नेला, इंटेलनं डेस्कटॉपवर २००८ च्या कोअर आय७ पासून. फ्रंट साइड बस गेली, पण जुळवाजुळव गेली नाही. फक्त नावं बदलली.

एएमडीच्या रायझेन ५००० प्रोसेसरमध्ये तीन घड्याळं असतात: रॅमचं, मेमरी कंट्रोलरचं आणि प्रोसेसरचे आतले भाग जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचं. तिन्ही एका ठोक्यावर चालली की उत्तम. बहुतेक चिप्समध्ये फॅब्रिक १८०० पर्यंत निवांत जातं, काही १९०० गाठतात. म्हणून डीडीआर४-३६०० ही तिथली नेमकी जागा. हौसेनं ४४०० ची रॅम आणली तर कंट्रोलर निम्म्या वेगावर, ११०० वर उतरतो आणि लेटन्सी, म्हणजे डेटा यायला लागणारा वेळ, वाढते. जास्त पैसे देऊन मशीन मंद करण्याचा हा प्रकार आहे. रायझेन ७००० मध्ये रॅम आणि कंट्रोलर बरोबरीनं ३००० वर, म्हणजे डीडीआर५-६००० वर ठेवायचे. फॅब्रिक २००० वर वेगळं राहिलं तरी चालतं. इंटेलकडे हेच गिअर १ (कंट्रोलर रॅमच्या बरोबरीनं) आणि गिअर २ (कंट्रोलर निम्म्यावर) या नावानं येतं.

नुसता वेग बघू नका, डब्यावरचा सीएलही बघा, म्हणजे मागितलेला डेटा यायला किती ठोके लागतात तो आकडा. सीएलला २००० नं गुणा आणि डब्यावरच्या आकड्यानं भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल१६ म्हणजे १०. ३६०० सीएल१८ सुद्धा १०. आणि ६००० सीएल३० सुद्धा १०च! डीडीआर५-४८०० सीएल४० मात्र १६.७.

आता प्रत्यक्ष काम. एक १६ जीबीची पट्टी घेण्यापेक्षा ८-८ ची जोडी घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतो. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, तरी मॅन्युअल एकदा बघाच. बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा, त्यानंच रॅम डब्यावरच्या वेगानं चालते. हे राहून जातं आणि ३६०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते, कुणाला पत्ताच नसतो. इंटेल प्रोसेसरच्या एच५१०, एच६१० बोर्डवर प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे रॅम जातच नाही, तिथे महाग रॅम घेऊ नका. डीडीआर५ च्या पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्ड आणि रॅमचं एकमेकांशी जुळवून घेणं, चालू असतं, घाबरून स्विच बंद करू नका. खरंच अडकलं तर सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायॉसची सेटिंग पुसून मूळपदावर आणा. नंतर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार पास, म्हणजे चार पूर्ण फेऱ्या. एकसुद्धा एरर चालणार नाही. आली तर एक पायरी खाली या, ३६०० वरून ३४६६. व्होल्टेज वाढवत बसण्यापेक्षा ते बरं. जुन्या पट्टीशेजारी नवी वेगळी पट्टी लावली, तर दोघी मंद असलेलीच्या चालीनं चालतात, आणि कधी कधी चालतच नाहीत.

नागपूरकरांसाठी एक गोष्ट वेगळी. रॅममधला चार्ज उष्णतेनं लवकर गळतो, आणि तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो, त्याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर४ चं रिफ्रेश ७.८ मायक्रोसेकंदांनी होतं, चिप ८५ अंशांपुढे गेली तर ते ३.९ वर आणावं लागतं. ज्यांनी हातानं टायमिंग आवळून रिफ्रेश लांबवलेलं असतं, त्यांची मशीन आधी कोसळतात. जानेवारीत पास झालेली सेटिंग मे महिन्यात पुन्हा तपासा: दुपारी तीन वाजता, खोलीतला कूलर बंद ठेवून, कॅबिनेटचं झाकण लावून.