चौदा फेब्रुवारीची तारीख आणि गुलाबाची दांडी

(साताऱ्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, व्हॅलेंटाइन दिनाचा उगम म्हणून दर फेब्रुवारीत मोबाइलवर फिरणारी ती गोष्ट आधी बाजूला ठेवू. रोमन सम्राट क्लॉडियसने सैनिकांच्या लग्नावर बंदी घातली, व्हॅलेंटाइन नावाच्या पुरोहिताने चोरून लग्नं लावली आणि त्यापायी त्याचं डोकं उडवलं गेलं, अशी ती हकिगत. तिसऱ्या शतकातला एकही पुरावा तिच्या पाठीशी नाही. जुन्या चरित्रांत तर दोन व्हॅलेंटाइन भेटतात, एक रोमचा पुरोहित आणि दुसरा इटलीतल्या तेर्नी गावचा बिशप. दोघांची तिथी १४ फेब्रुवारी, दोघांचं दफन फ्लामिनिया या जुन्या रोमन रस्त्यालगत. एकाच माणसाच्या दोन कथा झाल्या असाव्यात, असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. माहिती इतकी तोकडी, की १९६९ साली कॅथलिक चर्चने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून हा दिवस वगळला.

हा दिवस लुपरकालिया या जुन्या रोमन उत्सवातून आला, असंही सांगतात. त्याचंही तसंच. रोममध्ये १५ फेब्रुवारीला बोकडाच्या कातड्याचे पट्टे घेऊन पुरुष धावत आणि मूल व्हावं म्हणून बायका ते फटके अंगावर घेत, हे खरं. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलॅसियसने त्या उत्सवाला विरोध केला, हेही खरं. पण त्याच्या जागी त्याने प्रेमाचा दिवस बसवला, याला आधार नाही.

मग या तारखेत प्रेम आलं कुठून? कवितेतून. १३८० च्या सुमारास इंग्रज कवी चॉसरने पक्ष्यांच्या सभेवर एक दीर्घकाव्य लिहिलं. व्हॅलेंटाइनच्या दिवशी पाखरं जोडीदार निवडायला जमतात, अशी त्यात कल्पना आहे. प्रेमाशी या दिवसाची जोड त्याआधीच्या लिखाणात ठामपणे सापडत नाही. तेव्हाची दिनगणना आजच्यापेक्षा आठ दिवस मागे होती. म्हणजे चॉसरचा १४ फेब्रुवारी हा आपला २२ फेब्रुवारी. आपल्याकडे पळस लाल झालेला असतो, त्या दिवसांतला.

कवितेतून ही रीत पत्रात उतरली. फेब्रुवारी १४७७ मध्ये मार्जरी ब्रूझ या इंग्रज मुलीने जॉन पास्टनला पत्र लिहिलं आणि त्यात त्याला ‘माझा व्हॅलेंटाइन’ म्हटलं. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. पत्रात गुलाब नाही, चंद्र नाही. आहे तो हुंड्याचा तिढा. वडील ठरल्यापेक्षा जास्त द्यायला तयार नाहीत, आईने खूप विनवलं, पण तुमचं माझ्यावर प्रेम असेल तर एवढ्यासाठी मला सोडू नका, असा तिचा मजकूर. त्यांचं लग्न झालं. या दिवसाचा सगळ्यात खरा दस्तऐवज मला हाच वाटतो. देण्याघेण्यावरून अडलेली लग्नं आपणही पाहिली आहेत.

पुढचं वळण टपालखात्याने दिलं. १८४० पर्यंत ब्रिटनमध्ये टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा मोजायचा, तेही अंतर आणि कागदांच्या संख्येप्रमाणे. सही नसलेलं प्रेमपत्र पाठवायचं म्हणजे भुर्दंड तिच्याच माथी! १८४० मध्ये एक पेनीचं तिकीट आलं, खर्च पाठवणाऱ्याकडे गेला आणि निनावी कार्डांचा पूर लोटला. देशोदेशी रीत वेगळी. जपानात याच दिवशी बायका पुरुषांना चॉकलेट देतात आणि परतफेड महिन्याने, १४ मार्चला होते. ब्राझीलमध्ये प्रेमिकांचा दिवस येतो १२ जूनला, संत अँथनीच्या सणाच्या आदल्या दिवशी.

आणि आपण? ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि ती प्रेमाने भरलेली आहे. वसंतातला मदनोत्सव संस्कृत नाटकांत दिसतो. मदनाचे पाच बाण म्हणजे कमळ, अशोक, आंब्याचा मोहर, नवमल्लिका आणि निळं कमळ. गुलाब त्यात नाही. म्हणून फेब्रुवारीतला लाल गुलाब कसा तयार होतो, ते जरा तपशिलात सांगतो. समोर प्लास्टिकच्या आच्छादनाखाली फुलं पिकवणारे पॉलीहाऊसवाले बसले आहेत, ते मान डोलावतील.

बाजारभावाच्या रकान्यात लांब दांडीच्या डच गुलाबाचा भाव ‘वीस नगांस’ असा छापतात. तो माल जानेवारीच्या अखेरीपासून १० फेब्रुवारीपर्यंत निघायला हवा. छाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात, त्यामुळे छाटणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बसते. खरी मेख थंडीची. रात्रीचं तापमान १५ अंशांखाली बरेच दिवस राहिलं की फुटवा रेंगाळतो, माल १४ तारखेनंतर येतो आणि भाव कोसळतो. थंडीला भिऊन पॉलीहाऊसचे पडदे दिवसभर बंद ठेवले तर आत दमटपणा साठतो आणि डाऊनी हा पानांचा रोग येतो. म्हणून पडदे संध्याकाळी लवकर लावायचे आणि ऊन चढलं की उघडायचे.

तोडणी पहाटे. दूरच्या बाजारासाठी कळी घट्ट हवी, पण फार कोवळी तोडली तर ती उमलतच नाही, मान टाकते. तोडल्या तोडल्या दांडी पाण्यात, मग २ ते ४ अंशांच्या शीतगृहात.

घरी आणल्यावर फूल मान टाकतं, ते बहुतेकदा दांडीत हवा शिरल्याने किंवा पाण्यातल्या जिवाणूंनी नळ्या चोंदल्याने. खालचा दोन सेंटिमीटर भाग पाण्याखाली धरून धारदार सुरीने तिरका कापा. कात्रीने दांडी चेंगरते. पाण्यात बुडणारी पानं काढा. एक लिटर पाण्यात चहाचे तीन चमचे साखर, एक चमचा लिंबाचा रस आणि ब्लीचचे चार-पाच थेंब घाला. नुसती साखर घालू नका, तिच्यावर जिवाणूच पोसतात. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि पुन्हा थोडी दांडी कापा. फुलदाणी पिकत्या केळ्यांजवळ ठेवू नका, केळ्यांतून निघणाऱ्या वायूने पाकळ्या लवकर गळतात. मान टाकलेलं फूल नव्याने कापून, वर्तमानपत्रात ताठ गुंडाळून तासभर खोल कोमट पाण्यात उभं करा. फार उशीर झाला नसेल, तर ते पुन्हा मान वर करतं.