आधी गाडीवर बसा, मग हॅन्डल निवडा

नमस्कार मंडळी. मागच्यांना दिसत नसेल तर जरा पुढं सरका, कारण आजचं निम्मं बोलणं या समोरच्या दोन गाड्यांवरच होणार आहे. ही रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० आणि ही शेजारची त्यांचीच कॉन्टिनेंटल जीटी ६५०, दोन्ही आपल्याच दोन मित्रांनी आजच्यापुरत्या दिल्यात. दोन्ही २०१८ ला आपल्याकडं विकायला आल्या, इंजिन तेच ६४८ सीसीचं दोन सिलिंडरवालं, फ्रेमही तीच. टाकी आणि सीट वेगळी आहे, फूटरेस्ट जीटीचे जरा मागं आहेत, आणि सगळ्यात मोठा फरक हॅन्डलचा. इंटरसेप्टरला रुंद, मधे आडवी दांडी असलेलं उंच हॅन्डल, जीटीला दोन्ही शॉकअपना धरलेले दोन छोटे तुकडे, ज्याला आपण क्लिपऑन म्हणतो. आणि तरी या दोन्ही गाड्या चालवलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल की दोन वेगळ्या गाड्या आहेत म्हणून. एकीवर पाठ ताठ राहते आणि माणूस इकडंतिकडं बघत निवांत जातो, दुसरीवर छाती टाकीकडं झुकते आणि डोळे आपोआप लांबवर जातात.

मी वीस वर्षं गॅरेजमधे हॅन्डल बदलायचं हेच काम करतोय, आणि माझ्याकडं येणाऱ्या दहातली आठ पोरं मोबाईलवर फोटो घेऊन येतात की असं हॅन्डल पाहिजे. फोटो आणायला माझी काहीच हरकत नाही, आवड असल्याशिवाय कुणी गाडी मॉडिफाय करत नाही. पण फोटोतल्या गाडीवर कुणी बसलेलं नसतं हो. हॅन्डल बदललं की तुमच्या अंगाचं वजन कुठं बसणार ते बदलतं, एवढं एकच वाक्य आज घरी घेऊन गेलात तरी मला पुरे आहे. वजन ढुंगणावर, पायांवर आणि तळहातांवर वाटलं जातं. सीट, फूटरेस्ट आणि हॅन्डल हा त्रिकोण आहे, त्यातला एक कोपरा हलवला की बाकीच्या दोघांवरचा भार बदलणारच.

आता हे प्रकार आले कुठून ते बघा, कारण प्रत्येक आकार कुठल्यातरी रस्त्यासाठी जन्माला आलाय. क्लिपऑन आणि क्लबमन, म्हणजे एकच दांडी पण खाली वाकवलेली, ही रेसची हॅन्डलं. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे नावाचं ठिकाण आहे, १९३८ ला सुरू झालेलं, तिथं पन्नास-साठच्या दशकात पोरं जमायची आणि ताशी शंभर मैल, म्हणजे आपले एकशेसाठ, गाठायचा नाद करायची. त्या वेगाला वारा छातीवर आदळतो, म्हणून वाकायचं, म्हणून हॅन्डल खाली. कॅफे रेसर हा शब्द तिथलाच. रॉयल एनफिल्डनंच साठच्या दशकात इंग्लंडमधे अडीचशे सीसीची कॉन्टिनेंटल जीटी काढली तिला कंपनीतूनच क्लिपऑन होते, म्हणजे समोरच्या या जीटीची आजीच म्हणा.

आणि वाकण्यात एक गंमत आहे, चांगल्या वेगात समोरून येणारा वारा तुमची छाती थोडी उचलून धरतो आणि मनगटावरचं ओझं हलकं करतो. पण पुण्यात हडपसर ते हिंजवडी सकाळी नऊ वाजता जाताना कुठला आलाय वारा? तिथं सगळा भार तळहातांवर.

एप हॅन्जर, ते खांद्याएवढं उंच वर गेलेलं, ते अमेरिकेतलं, लांब शॉकअपच्या चॉपर गाड्यावाल्यांचं. सरळसोट मोकळा रस्ता, सीट खाली, पाय पुढं. तिकडच्या बऱ्याच राज्यांत हॅन्डल खांद्याच्या किती वर असावं याला कायद्यानं मर्यादा आहे, आणि तसा कायदा नसता तरी मी खांद्याच्या वर जाऊ दिलं नसतं, हात वर धरून राहिलं की मुठीतलं बळ जातं आणि हळू वळवताना गाडी हातात राहत नाही. शिवाय उंच हॅन्डलवर छाती वाऱ्याला पूर्ण उघडी पडते, हायवेला नव्वदच्या पुढं माणूस नकळत हॅन्डलला लोंबकळायला लागतो, ते ओढणं थेट स्टेअरिंगमधे जातं आणि गाडी हेलकावे खाते. लोक मग टायर बदलतात, बॉल रेसर म्हणजे हॅन्डलखालची बेअरिंगं बदलतात, पण दोष धरण्यातला असतो.

तिसरं ट्रॅकर हॅन्डल, माझं सगळ्यात लाडकं. हेही अमेरिकेतलं, मातीच्या गोल ट्रॅकवर गाडी आडवी घसरवत वळवायची असते, म्हणून रुंद, थोडंसं उंच आणि टोकं मागं आलेली. रुंद हॅन्डल म्हणजे लांब पहार, कमी जोरात जास्त काम. आपल्या खड्ड्यांच्या, स्पीडब्रेकरच्या, अचानक म्हैस आडवी येणाऱ्या रस्त्यांना हे जितकं सोसतं तितकं दुसरं कुठलंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला पटो न पटो. एकच अडचण, रुंदी. गर्दीत दोन रिक्षांच्या मधून जाताना कळतं. वर टोकाला लावायचे बारएन्ड आरसे घेतले तर दोन्ही बाजूंनी अजून वीतभर वाढते, तेव्हा घरातून गाडी काढता ती बोळ आधी टेपनं मोजा. माझ्या एका गिऱ्हाईकानं सगळं बसवून घेतलं आणि गाडी वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत जाईना.

ड्रॅग बार, म्हणजे जवळपास सरळ दांडी, दिसायला फार देखणी, पण हात लांब नसतील तर खांदे ओढले जातात. बाकी झेड बार, बीच बार वगैरे आहेत, त्यात मी आज शिरत नाही.

आता माझ्याकडं आलेली एक आरएक्स १०० सांगतो. मालक तिशीचा, रोज चाळीस-पन्नास किलोमीटर चालवणारा, त्यानं दुसरीकडून क्लिपऑन बसवून घेतले होते, ते पण टीच्या, म्हणजे दोन्ही शॉकअप वर जोडणाऱ्या पट्टीच्या, खालून. तीन आठवड्यांत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. तो म्हणाला गाडी व्हायब्रेट होते. मी त्याला गाडी मेन स्टॅन्डवर लावून बसायला सांगितलं आणि म्हटलं दादा, आता दोन्ही हात हॅन्डलवरून उचल. उचलताच तो पुढं टाकीवर पडला. याचा अर्थ काय, तर त्याचं सगळं धड तळहातांच्या बाहेरच्या कडेवर उभं होतं. तिथूनच ती दोन बोटांची नस जाते, ती दाबली की मुंग्या येणारच. आम्ही क्लिपऑन टीच्या वर घेतले, टोकं थोडी खाली आणि मागं वळवली आणि फूटरेस्टसाठी पट्टी करून ते दोन इंच मागं नेले. पाय मागं गेले की मांड्या आणि कंबर धड पेलायला लागतात. हात उचलून बसता आलं पाहिजे, ही परीक्षा मी तेव्हापासून प्रत्येकाची घेतो. इथं समोर जीटीवर बसून करून बघा आणि मग इंटरसेप्टरवर, लगेच कळेल.

ताईंसाठी, आणि उंची कमी असलेल्या सगळ्यांसाठीच, एक वेगळं सांगायचंय कारण दुकानात त्यांना कुणी विचारतच नाही. पाच फूट एक इंचाची एक मुलगी क्लासिक ३५० घेऊन आली, तिला आधी कुणीतरी हॅन्डल उंच करायचा सल्ला दिलेला. तिला उंची नकोच होती, हॅन्डल जवळ पाहिजे होतं. पूर्ण वळवलं की बाहेरचा हात सुटायचा. मागं येणारे रायझर, म्हणजे हॅन्डलखालचे ठोकळे, लावून हॅन्डल सव्वा इंच जवळ आणलं, बाकी कशाला हात लावला नाही, आणि त्याच हॅन्डलवर ती आज ताम्हिणी घाट चढते-उतरते. म्हणून दुकानात हॅन्डल मागताना नुसतं नाव सांगू नका, चार मापं सांगा: रुंदी किती, क्लॅम्पपासून, म्हणजे हॅन्डल धरणाऱ्या पकडीपासून, वर किती, मागं किती, आणि मुठीचा कोन खाली किती.

मापं काढायची कशी? इलेक्ट्रिशियनकडं वायरिंगची पीव्हीसी पाईप मिळते, ती आणा. आत वाळू भरून दोन्ही तोंडं चिकटपट्टीनं बंद करा, हॉट गननं किंवा गॅसवर लांबून हळूहळू फिरवत गरम करा, मऊ पडली की वाकवा, वाळूमुळं ती चेपत नाही. जरा हवेशीर जागी करा, वास वाईट येतो. मग रोजचे बूट, रोजचं जॅकेट घालून गाडीवर बसा, डोळे मिटा आणि हात जिथं आपोआप येतात तिथं थांबा. मित्राला म्हणावं आता पाईप माझ्या मुठीत आणून दे, आणि तशी ती वाकवत जा. अर्धा तास जातो आणि शेदीडशे रुपये. पण मग ती पाईप घेऊन नाना पेठेत गेलात की दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही, ती समोर ठेवायची आणि याच्या जवळचं काढा म्हणायचं.

जाडी विसरू नका. आपल्या बहुतेक गाड्यांचं हॅन्डल बावीस मिलिमीटर, वर्कशॉपच्या भाषेत सात सूत. हार्लेवाल्यांचं आठ सूत म्हणजे पूर्ण इंच. आणि फॅटबार म्हणून जे येतं ते मधे नऊ सूत आणि मुठीशी परत सात सूत, त्याला क्लॅम्प वेगळा लागतो. सात सुताच्या क्लॅम्पमधे चुकीचं हॅन्डल पत्र्याची चकती घालून बसवलेलं मी स्वतः बघितलंय. ते ब्रेक मारताना फिरलं तर तुम्ही काय धरणार? तसंच जुनं हॅन्डल कापून वेल्डिंग करून उंच करणं, ते माझ्या गॅरेजमधे होत नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी. वेल्डच्या शेजारी पाईप कमकुवत होते आणि वरून क्रोम मारलं की चीर दिसतही नाही. ॲल्युमिनियमचं हॅन्डल असेल आणि गाडी जोरात पडली असेल तर ते बदलाच, लोखंड वाकून सांगतं, ॲल्युमिनियम काही न सांगता तुटतं.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आणि ज्याच्याकडं कुणी बघत नाही ते, वायरी. माझ्या धंद्याच्या पहिल्याच वर्षी मी एका बुलेटला उंच हॅन्डल बसवलं, क्लचवायर लांब घातली, रेसची वायर मात्र तीच ठेवली कारण ती कशीबशी पोचत होती. कात्रजच्या जुन्या घाटात वळणावर मालकानं हॅन्डल पूर्ण वळवलं आणि गाडीनं आपोआप रेस घेतली. त्यानं क्लच दाबला म्हणून निभावलं. चूक सर्वस्वी माझी होती आणि ती गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. तेव्हापासून नियम असा की गाडी न्यूट्रलला चालू ठेवायची, रेस सोडून द्यायची, आणि हॅन्डल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वळवायचं, कान इंजिनकडं. आवाज जराही चढला तर वायर तोकडी आहे किंवा चुकीच्या जागेवरून गेलीय, गाडी बाहेर जात नाही. त्याच वेळी बघायचं की डिस्कचा पाईप ताणला जात नाही ना, हेडलाईटच्या आतली वायरिंग ओढली जात नाही ना, आणि क्लिपऑन असतील तर अंगठा टाकीत चेंगरत नाही ना. ब्रेक ऑइलची बाटली शक्यतो आडव्या पातळीत राहिली पाहिजे, फार कलली तर हवा आत जाते आणि लिव्हर स्पंजासारखं लागतं. डिस्कचा पाईप बदलला तर ब्लीडिंग, म्हणजे आतली हवा काढणं, नीट करून घ्या.

स्विचच्या आत एक छोटी पिन असते, ती हॅन्डलच्या भोकात बसते. नव्या हॅन्डलला भोक नसतं, मग काय करतात, ती पिनच घासून टाकतात. मग ऐन वेळी रेसच्या मुठीबरोबर स्विचचा डबाच फिरतो. तुम्ही गाडीवर बसून स्विचची जागा ठरवा, खूण करा आणि तेवढंच भोक ड्रिल करून घ्या. आणि टोकाची वजनं, ती नुसती शोभेची नसतात, हॅन्डलची थरथर तीच खातात, जुन्या सिंगल सिलिंडरच्या बुलेटला तर काढूच नका.

कायद्याचं विचारलंय कुणीतरी चिठ्ठीवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मधे हेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. म्हणून आधी तुमच्या आरटीओत विचारा, इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा. आणि जुनं हॅन्डल, त्याच्या वायरी, मुठी, सगळं पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशन नव्यानं करताना लागतं, गाडी विकताना लागतं, आणि कधीकधी सहा महिन्यांनी परत तेच बसवायला लोक येतात.

एक चिठ्ठी राहिली, विचारलंय की लांबच्या प्रवासाला कुठलं घेऊ. भाऊ, तुमची उंची आणि गाडी कळल्याशिवाय मी नाव सांगणार नाही. टेप माझ्या खिशात आहे, पाईप आणि हॉट गन त्या टेबलावर आहे. या, आधी इंटरसेप्टरवर बसा.