गांडूळ, वाळा आणि देवगांडूळ: कणा कुणाला?

भर पावसात सह्याद्रीत कुजक्या पाचोळ्याखालचा दगड उलटला की काहीतरी वळवळतं. पाय नाहीत, अंग लांबट, रंग तपकिरी-जांभळट. बघणारा ‘गांडूळ’ म्हणून मोकळा होतो. पण तसे दिसणारे तीन प्राणी इथे मिळतात, आणि त्यांतल्या दोघांना पाठीचा कणा आहे.

अंग मऊ म्हणून अपृष्ठवंशीय, हा हिशेब चुकीचा. टणक कवचाच्या खेकड्यालाही कणा नसतोच. रक्ताचा रंगही फसवतो, कारण गांडुळाच्या रक्तातही हिमोग्लोबिन आहे. फक्त ते पेशींत नसून द्रवात विरघळलेलं असतं.

कणा बाहेरून दिसत नाही, म्हणून आधी तोंड बघा. गांडुळाला जबडा नाही, डोळेही नाहीत. पुढच्या टोकाजवळचा जाडसर पट्टा फक्त वाढ झालेल्या गांडुळात दिसतो, त्यामुळे पट्टा नाही म्हणजे गांडूळ नाही, असं ठरवू नका. चालताना ते पुढचा भाग लांबवतं आणि मागचा ओढून घेतं. ओलं बोट फिरवलं तर त्याचे बारीक ताठ केस खरखरीत लागतात.

वाळा हा साप. चकचकीत, कोरडा, अंगाभोवती खवल्यांच्या 20 रांगा. भिंगातून डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात, दुभंगलेली जीभ मधूनच बाहेर येते. तो नागमोडी सरकतो. शेपटीच्या टोकाचा काटा पाहून लोक घाबरतात आणि मारतात. पण वाळा बिनविषारी आहे, खातो मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या.

खरी कसोटी लागते ती देवगांडुळाची. हा बेडकांचा नातेवाईक, उभयचर. कातडी बुळबुळीत आणि तिच्यावर गांडुळासारखीच वलयं. मात्र गांडुळाच्या वलयांमध्ये आत पडदे असतात, तर देवगांडुळाची वलयं म्हणजे निव्वळ कातडीच्या घड्या. आत मणक्यांची माळ, आणि मज्जारज्जू पाठीकडून जातो, गांडुळाचा पोटाकडून. जिवंत प्राण्यात हे दिसणार नाही, म्हणून पुन्हा तोंडाकडे या. इथे जबडा आहे, दात आहेत, आणि डोळा व नाकपुडीच्या मधे एक इवलीशी स्पर्शिका. अशी स्पर्शिका दुसऱ्या कुठल्याच पृष्ठवंशीयात नाही. गांडूळ तर याचं खाद्यच.

2003 मध्ये आंबोलीतून देवगांडुळाच्या एका नव्या जातीचं शास्त्रीय वर्णन झालं, जेजिनिओफिस डॅनिएली.

देवगांडूळ उचलायचंच असेल तर हात ओले हवेत, कारण ते कातडीनेही श्वास घेतं. त्याच कातडीत विषग्रंथी आहेत, तेव्हा साबणाने हात धुईपर्यंत डोळ्यांना लावू नका.